घंटेची दोरी

बाबागाडी घराच्या दारासमोर उभी होती आणि तिच्यात बाळ झोपलं होतं. आसपास कोणीही नव्हतं. दार बंद, खिडक्या बंद, रस्ता रिकामा. जून महिना होता, तरी समुद्रावरून असा गार वारा येत होता की मी ट्रॅकसूटची चेन गळ्यापर्यंत ओढली होती. बाळाच्या नाकाचा शेंडा लालबुंद झाला होता.

मी थोडी पुढे गेले आणि परत आले. आमच्या फलटणमध्ये असं बाळ रस्त्यावर दिसलं असतं, तर एव्हाना बायका जमल्या असत्या, कोणाचं, कोणाच्या घरचं, अशी चौकशी झाली असती आणि कुणीतरी ते उचलून खांद्यावर घेतलंही असतं. इथे विचारायलाही माणूस नव्हतं. दाराची बेल कुठे असते ते मला कळेना. बाळाला उचलावं तर चोर समजतील, सोडून जावं तर पाय निघेना. शेवटी मी बाबागाडीच्या दांड्याला धरून पहारा देत उभी राहिले.

बऱ्याच वेळाने दार उघडलं. माझ्यापेक्षा थोडी मोठी, पिवळ्या केसांची बाई हातात धुतलेल्या कपड्यांची टोपली घेऊन बाहेर आली आणि मला बघून थबकली.

"बेबी," मी म्हणाले. "अलोन."

तिने टोपली खाली ठेवली आणि हसायला लागली. तिचंही इंग्रजी माझ्यासारखंच तुटकं होतं, त्यामुळे आमचं चटकन जमलं. तिने सांगितलं, इकडे सगळ्यांची बाळं दुपारची बाहेरच झोपतात, गार हवा चांगली असते. तिने गल्लीच्या टोकाला बोट दाखवलं. खरंच, तिकडच्या दोन अंगणांत अशाच बाबागाड्या उभ्या होत्या.

"आणि चोर?" मी विचारलं.

तिने बाळाचं पांघरूण सारखं केलं. "चोरांना त्यांची स्वतःची असतात," ती म्हणाली.

तिचं नाव कारेन. डेन्मार्कातल्या होल्मबी नावाच्या त्या बंदराच्या गावात मला पहिल्यांदा नाव विचारणारी तीच. आदल्या दिवसापासून आम्ही सगळ्या मुली त्या गावात फिरत होतो, लोक हसून मान हलवत होते, पण कोणी काही विचारत नव्हतं. आपल्याकडे 'कोणाची गं तू?' या प्रश्नाचा मला केवढा कंटाळा होता. तिथे तो कोणी विचारेना, तेव्हा रस्त्यातून चालताना आपण कोणाचेच नाही असं वाटायला लागलं होतं.

"तू इथे काय करतेस?" कारेनने विचारलं.

"दोरी शोधतेय," मी म्हणाले.

हे नीट सांगायचं तर एक दिवस मागे जायला हवं.

साल अठ्ठ्याऐंशी. मी एकोणीस वर्षांची होते. पेठेबाईंच्या व्यायामशाळेतल्या आम्ही सहा मुली दोरीचा मल्लखांब करायचो. तोपर्यंत आम्ही सातारा, पुणे आणि एकदा इंदूर पाहिलं होतं. होल्मबीला दर उन्हाळ्यात निरनिराळ्या देशांतले व्यायामाचे खेळ दाखवायचा मोठा मेळा भरायचा आणि त्या वर्षी बाईंना तिकडून बोलावणं आलं. आमच्यातली एकही मुलगी त्याआधी विमानात बसली नव्हती. वाटेत एका अवाढव्य विमानतळावर आम्ही विमान बदललं. तिथल्या सरकत्या जिन्यावर पाय ठेवायला जयू भोईटे घाबरली. तीच जयू आमच्यात सगळ्यात तरबेज, वीस फुटांवर दोरीला उलटी लटकून हात सोडायची. जिन्यापाशी मात्र तिने माझा दंड असा आवळला की वळ उठला.

त्याच विमानतळावर कुठेतरी आमची दोरी राहिली, असं आम्हाला वाटलं. गोणपाटात गुंडाळून, सुतळीने शिवून, वर बाईंनी रंगाने नाव घातलं होतं. आमच्या बॅगा आल्या, गोणपाट आलं नाही. विमान कंपनीचा माणूस म्हणाला, कदाचित दुसऱ्या देशात गेलं असेल, येईल चार-पाच दिवसांत. आमचा कार्यक्रम तिसऱ्या दिवशी होता.

पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मेळ्याचे प्रमुख आम्हाला भेटायला आले. हेन्रिक नाव त्यांचं, तिथल्या शाळेत शिक्षक. माणूस फार सज्जन. तिथल्या व्यायामशाळेतली दोरी त्यांनी आधीच दाखवली होती. ती मनगटाएवढी जाड होती, पायाच्या बोटांत ती कशी धरणार? दोरीच्या मल्लखांबात सगळा जीव असतो तो पायाचा अंगठा आणि त्याच्या शेजारच्या बोटात. त्या चिमटीत दोरी बसली नाही तर काहीच होत नाही.

हेन्रिक बाईंना म्हणाले, "मिस पेठे, तुमचं नाव कार्यक्रमात छापलं गेलंय. तुमच्याकडे साड्या आहेत ना? मुलींनी साड्या नेसून भारतीय नाच केला तर लोकांना फार आवडेल."

बाईंनी आमच्याकडे पाहिलं. पेठेबाई म्हणजे मुलींच्या शाळेतल्या ड्रिलच्या शिक्षिका. पन्नाशीच्या, सडसडीत, पांढऱ्या साडीखाली कॅनव्हासचे बूट. मुलींनी दोरीवर चढायचं म्हटल्यावर निम्म्या गावाने त्यांना नावं ठेवली होती, तेव्हाही त्या मागे हटल्या नव्हत्या. पण त्या सकाळी त्या एकदम थकलेल्या दिसल्या.

"झिम्मा-फुगडी करा," त्या आम्हाला मराठीत म्हणाल्या. "दोन गाणी म्हणा, फेर धरा. वेळ निघून जाईल."

माझ्या तोंडून निघून गेलं, "बाई, फुगडी आम्हाला येते. पण आपण त्यासाठी नाही आलो."

"इतक्या लांब येऊन नुसतं बसून राहणार का?"

"बसून राहू. पण हे नको."

"रोहिणी, त्यांना काय कळतंय?"

"त्यांना नाही कळणार," मी म्हणाले. "आपल्याला कळेल."

बाईंना उलट उत्तर कोणी देत नसे. मी तर नाहीच. मी आमच्यात चौथ्या-पाचव्या नंबरची, एसटी ड्रायव्हर मुळीकांची मुलगी, सांगितलेलं करणारी. जयूने माझा हात मागून ओढला. बाईंचा चेहरा पांढरा पडला होता.

"मग जा," त्या म्हणाल्या, "आण दोरी."

त्यांनी ते रागाने म्हटलं हे मला कळत होतं. मी खरोखरच निघाले.

आधी बंदरावर गेले. तिथे दोऱ्यांचे ढीग होते, पण काही नायलॉनच्या, हातातून सुळकन सरकणाऱ्या, तर काही डांबर लावून कडक केलेल्या. मी प्रत्येक दोरी अंगठ्यात धरून बघत होते. कोळी आपसात काहीतरी बोलले, पण मला कोणी हटकलं नाही. एकाने तर मला बसायला लाकडी खोका आणून दिला. तिथून परत येताना ती बाबागाडी दिसली.

कारेनने माझं सगळं ऐकून घेतलं. मध्ये तिने मला कॉफी दिली, आंबूस काळ्या पावावर लोणी लावून दिलं आणि बाळाला झोपेतच आत आणलं. दोरी केवढी हवी ते मी बोटांनी दाखवलं. कशी हवी ते सांगायला मला शब्द सापडेना. मी तिच्या टेबलावरच्या रुमालाला हात लावून म्हटलं, "सॉफ्ट." मग भिंतीवर हात आपटून म्हटलं, "बट स्ट्राँग."

ती उठली. "माझ्या सासऱ्यांकडे आहे," ती म्हणाली. "पण ते देणार नाहीत."

सासरे शेजारच्याच घरात राहत होते. येन्स नाव. उंच, वाकलेला, डोक्यावर लोकरीची टोपी घातलेला म्हातारा. सगळं आयुष्य त्याने गावच्या चर्चची घंटा वाजवली होती. मग चर्चने घंटेला मोटर बसवली. बटण दाबलं की वाजते. दोरी काढून टाकली तेव्हा येन्सने ती घरी आणली आणि मागच्या कोठारात खुंटीला गुंडाळून ठेवली.

मी ती दोरी चिमटीत धरून पाहिली. तागाची होती, अंगठ्याएवढी जाड. इतकी वर्षं त्याच्या आणि त्याच्या आधीच्या माणसांच्या तळव्यांनी घासून घासून मऊ झालेली, पण एकही पीळ सुटलेला नाही.

येन्स कारेनशी त्यांच्या भाषेत बोलला. तिने मला सांगितलं, "ते म्हणतात, ही घंटेची दोरी आहे. खेळायची नाही."

"त्यांना सांग, हा नुसता खेळ नाही."

"मग काय आहे?"

याचं इंग्रजी मला येत नव्हतं. मराठीतही आलं असतं का कोण जाणे. मी म्हटलं, "दाखवते."

कारेनने ते येन्सला सांगितलं. मग त्याने दोरी खुंटीवरून काढली, शिडी लावली आणि सून नको नको म्हणत असताना स्वतः वर चढून कोठाराच्या तुळईला तिची गाठ मारली. खाली येऊन दोन्ही हातांनी लटकून ओढून पाहिली. मग बाजूला झाला.

मी बूट-मोजे काढले, पँट गुडघ्यांच्या वर दुमडली. आणि तिथे अडले. देवाच्या दारातली दोरी होती. त्यांचा देव वेगळा असेल, पण दोरी त्याच्याच घरची. तिला मी आता पाय लावणार होते. आम्ही रोजच दोरीला नमस्कार करून चढतो, तो सवयीने होतो. त्या दिवशी मी दोरी दोन्ही हातांत घेऊन कपाळाला लावली आणि तशीच उभी राहिले.

येन्सने काहीतरी विचारलं.

"तू काय करतेस, असं विचारतात," कारेन म्हणाली.

"माझे पाय लागणार," मी म्हणाले. "म्हणून आधी माफी मागते."

तिने ते सांगितलं. येन्सने टोपी काढली आणि छातीशी धरली.

मग मी चढले. वर जाऊन पायाच्या चिमटीत दोरी धरली, मांडीला वेढा घेतला, पाय एकमेकांत अडकवून अढी घातली आणि हात सोडले. ताग आमच्या सुती दोरीपेक्षा खरखरीत, कातडीला चटका बसला, पण पकड पक्की होती. मी आडवी झाले, उशाला एक हात घेतला, डोळे मिटले. याला आम्ही निद्रासन म्हणतो.

उतरले तेव्हा येन्सच्या हातात टोपी तशीच होती. तो सुनेला एकच वाक्य बोलला.

"विचारतात, ही कोणाची मुलगी?"

मला इतकं बरं वाटलं की सांगता येत नाही. मी त्यांना वडिलांचं नाव सांगितलं, गाव सांगितलं, वडील मोठी बस चालवतात तेही सांगितलं. येन्सने सगळ्याला मान हलवली, शिडीवर पुन्हा चढून गाठ सोडली आणि दोरी स्वतःच्या खांद्यावर घेतली. ती माझ्या हातात दिली नाही. माझ्याबरोबर चालत व्यायामशाळेपर्यंत आला.

पेठेबाई तिथे मुलींकडून सूर्यनमस्कार घालून घेत होत्या. त्यांनी दोरी पाहिली. जवळ येऊन ती टोकापासून टोकापर्यंत मुठीतून सरकवली, मध्ये मध्ये पीळ उलगडून आत पाहिलं.

"कुठली?" त्यांनी विचारलं.

"चर्चची. घंटेची आहे."

"हं," त्या म्हणाल्या आणि येन्सला वाकून नमस्कार केला. मग दोरी वर बांधायला लागल्या. त्यानंतर त्या माझ्याशी बोलल्या ते फक्त 'गुडघा ताण', 'मान वर', 'पुन्हा कर'. एरवी सरावानंतर त्या आमच्या पायांना तेल चोळायच्या. त्या संध्याकाळी सगळ्यांच्या पायांना चोळलं. माझ्याही. पण मान वर करून बघितलं नाही. बाहेर जेवणाची वेळ उलटून गेली तरी ऊन ढळत नव्हतं आणि मी खिडकीतून ते बघत बसले. इतका न संपणारा दिवस मी आयुष्यात पाहिला नव्हता. मला वाटत होतं, मी बाईंना सगळ्यांच्या देखत खाली पाहायला लावलं. दोरी मिळाली म्हणून ते काही पुसलं जाणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सभागृह भरलं होतं. आमच्या आधी हंगेरीच्या मुलांनी उड्या मारल्या, जपानच्या बायकांनी पंखे घेऊन कवायत केली. मग आम्ही. येन्स पहिल्या रांगेत, काळा कोट घालून. त्याच्या शेजारी कारेन, मांडीवर बाळ.

आम्ही सहाही जणींनी दोरी कपाळाला लावली. जयू पहिली चढली. सरावात तिच्या गुडघ्यामागची कातडी सोलली होती, पण तिने चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. एकीमागून एक आम्ही चढत होतो, उतरत होतो. खालून एकही टाळी नाही. आपल्याकडे एवढ्यात शिट्ट्या सुरू झाल्या असत्या. जयू माझ्या कानात म्हणाली, "यांना आवडत नाहीये बहुतेक."

"चढ," मी म्हणाले.

शेवटी सहाही जणी एकाच दोरीवर, एकीखाली एक. सगळ्यात वर मी. बाईंनी खालून बोट वर केलं, आम्ही सगळ्यांनी एकदम हात सोडले. वरून मला सगळं सभागृह दिसत होतं. कोणी हलत नव्हतं. कारेनचं बाळसुद्धा तोंड उघडं टाकून वर बघत होतं. मग आम्ही उतरलो, रांगेत उभ्या राहिलो, नमस्कार केला.

आणि लोक उठले. सगळे एकदम, खुर्च्यांचा आवाज करत. ते टाळ्या वाजवत होते त्या एका तालात आणि जमिनीवर पाय आपटत होते. तिथे मनापासून दाद द्यायची असली की असंच करतात हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. नसीम बागवान आमच्यात सगळ्यात धाकटी. तिला वाटलं लोक चिडले. ती रडायच्या बेतात होती. मीच तिला धरलं.

हेन्रिक माइक घेऊन आले. त्यांचे कान लाल झाले होते. ते बाईंना म्हणाले, "मिस पेठे, याला तुमच्या भाषेत काय म्हणतात, ते लोकांना सांगाल?"

बाईंनी माइक घेतला. मग काही न बोलता तो माझ्या हातात दिला.

मी एवढ्या लोकांसमोर कधी बोलले नव्हते. मी म्हटलं, "मल्लखांब."

सभागृहातून आवाज आला, "मालकाम."

"नाही," मी मराठीतच म्हणाले. "मल्ल. खांब."

"मल्-काम्ब."

"मल्ल-खांब."

तिसऱ्या वेळेला त्यांनी बरोबर म्हटलं. इतकी माणसं, कोळी, शिक्षक, बायका, हंगेरीची मुलं, सगळ्यांच्या तोंडातून आमचा शब्द निघाला. येन्स सगळ्यांचं म्हणून झाल्यावर, एकटाच, पुन्हा एकदा हळू म्हणाला.

आम्ही निघालो त्या सकाळी येन्सने दोरी परत नेली. खांद्यावर घेऊन, जशी आणली होती तशी. मला ते आवडलं. ती त्याची होती.

परतीच्या सगळ्या प्रवासात बाई माझ्याशी कामापुरतं बोलल्या. मुंबईला उतरल्यावर आमचं गोणपाट तिथेच एका कोपऱ्यात पडलेलं सापडलं. सगळ्या हसल्या, बाईही हसल्या, पण माझ्याकडे बघून नाही. फलटणच्या गाडीत मी खिडकीशी बसले आणि मनाशी ठरवलं की व्यायामशाळा आता सोडायची.

चार दिवसांनी शाळेच्या सभागृहात आमचा सत्कार होता. नगराध्यक्ष, शाळेचे विश्वस्त, मुलींच्या आया. माझे वडील ड्यूटीवरून थेट आले होते, खाकी कपड्यांत, म्हणून आत न बसता मागे दाराशी उभे होते. भाषणं झाली. हार झाले. शेवटी बाईंना बोलायला सांगितलं.

त्या उठल्या, पदर नीट केला. "तिकडे काय काय पाहिलं ते मुली सांगतील," त्या म्हणाल्या. "मी एकच सांगते. आमची दोरी हरवली. तेव्हा मी मुलींना म्हटलं, साड्या नेसा आणि नाचा. मी म्हटलं हे. इतकी वर्षं मी यांना शिकवते की पकड बसली नाही म्हणून दोरी सोडायची नाही. आणि मी सोडत होते."

त्यांनी माझ्याकडे हात केला.

"मला त्या दिवसापासून या मुलीशी बोलता आलेलं नाही," बाई म्हणाल्या. "काय बोलायचं ते सुचत नव्हतं. मी हिला एक शब्द शाबासकीचा दिला असता तर मी मोठी आणि ही लहान झाली असती. तसं नव्हतं ते. म्हणून म्हटलं, गावात जाऊन, सगळ्यांसमोर सांगू. मी हो म्हणाले होते. ही नाही म्हणाली. जे काय झालं ते तिथे, त्या 'नाही'त झालं, दोरीवरचं सगळं नंतरचं."

मग त्या माझ्याकडे वळल्या.

"रोहिणी मुळीक, उभी राहा."

मी उठले. मला समोरचं काही नीट दिसत नव्हतं. दाराशी खाकी रंग तेवढा दिसत होता.

"ताठ," बाई म्हणाल्या. "लोकांना बघू दे."

मी ताठ उभी राहिले.